गुगल फॉर्मची फाइल जामोवी, एसपीएसएस किंवा आरमध्ये आणताना

सर्व्हे संपतो, गुगल फॉर्मवर दोनशे-अडीचशे उत्तरं जमतात आणि गाइड सांगतात, "आता हे एसपीएसएसला टाका आणि काय-स्क्वेअर काढून आणा." ठाणे-नवी मुंबईतल्या एमकॉम, एमएसडब्ल्यू किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची गाडी नेमकी इथे अडते. काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का ते तपासणारी चाचणी) कसा काढायचा हे दाखवणारे व्हिडिओ ढीगभर सापडतात. एसपीएसएससारख्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आत कशी न्यायची, आणि गेली तर ती धड गेली का, हे मात्र कोणी सांगत नाही. यातला दुसरा प्रश्न जास्त तापदायक. फाइल उघडलीच नाही तर निदान कळतं तरी. उघडते, आकडे दिसतात, आणि वयाच्या कॉलममधली नऊ उत्तरं गुपचूप गायब झालेली असतात, तेव्हा ते कळतं थेट व्हायव्हाच्या दिवशी.

हे होतं कारण सॉफ्टवेअर फाइल वाचताना प्रत्येक कॉलमबद्दल एक अंदाज बांधतं: हा आकडा, हा मजकूर, ही तारीख. अंदाज चुकला तरी बहुतेक वेळा ते चकार शब्द काढत नाही. म्हणून खालचं सगळं दोनच कामांभोवती फिरतं. अंदाज चुकणार नाही अशी फाइल द्यायची, आणि दिल्यावर सॉफ्टवेअरने काय समजून घेतलं ते बघायचं.

उदाहरण म्हणून एकच फाइल धरू. समजा, ठाणे–वाशी ट्रान्सहार्बर लोकलने रोज जाणाऱ्या २१२ जणांचा तुम्ही सर्व्हे केला. विचारलंत काय? नाव, मोबाइल, वय, राहण्याचं ठिकाण, कुठल्या स्टेशनवर चढता, स्टेशनपर्यंत कसे पोहोचता (एकापेक्षा जास्त पर्याय चालतील), घरापासून ऑफिसपर्यंत किती मिनिटं लागतात, चालू पास कधी काढला, आणि प्रवासाबद्दल समाधान किती, १ ते ५.

कुठलं सॉफ्टवेअर

कॉलेजच्या लॅबमध्ये एसपीएसएस असेल आणि गाइडना त्याचंच आउटपुट हवं असेल तर प्रश्नच मिटला. ते १९६८ पासून आहे, २००९ पासून आयबीएमकडे आहे आणि परवाना महाग आहे. घरच्या लॅपटॉपवर फुकट हवं असेल तर जामोवी घ्या. दिसायला एक्सेलसारखं, वापरायला सोपं, आणि आतून आरवर चालतं. पीएसपीपी हेही फुकट आहे. एसपीएसएसची फाइल त्यात उघडते, पण दिसायला जुनाट. आर शिकायला वेळ लागतो. पुढे पीएचडीचा विचार असेल तरच आत्ता त्यात हात घाला असं मी सांगेन. एका प्रोजेक्टसाठी जामोवी पुरून उरतं.

फाइल उतरवताना

फॉर्मच्या उत्तरांच्या पानावरच्या तीन टिंबांतून थेट सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) उतरवली तर ती झिपमध्ये येते. झिप आधी एक्स्ट्रॅक्ट करा. झिपच्या आतूनच फाइल उघडून काम करणारे बरेच असतात आणि मग केलेले बदल कुठे गेले ते शोधत बसतात. दुसरा रस्ता म्हणजे उत्तरं गुगल शीटला जोडायची आणि तिथून फाइल, डाउनलोड असं जाऊन सीएसव्ही किंवा एक्सेल घ्यायची. सीएसव्हीत फक्त समोर उघडी असलेली शीट उतरते, बाकीच्या नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

उतरलेल्या फाइलची एक प्रत 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती रीड-ओन्ली करा. तिला परत हात लावायचा नाही. काम दुसऱ्या प्रतीवर. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, मध्ये स्पेस न देता ठेवा. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशी नावं देण्यापेक्षा शेवटी तारीख लावलेली बरी.

नाव आणि मोबाइल हे दोन कॉलम कामाच्या प्रतीतून काढून टाका आणि त्यांच्या जागी १ ते २१२ असा क्रमांक घाला. विश्लेषणात त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि लोकांचे नंबर लॅबच्या कॉम्प्युटरवर पडून राहणं बरं नव्हे. मूळ फाइलीत तोच क्रमांक लावायचा मोह होईल, पण ती बंद आहे. ओळींचा क्रम न बदलता क्रमांक दिलात की जोडी आपोआप लागते.

सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नका

सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एका माणसाची उत्तरं, मध्ये स्वल्पविराम, बस. ती बघायची तर नोटपॅडमध्ये बघा. त्यात तुम्हाला दोन गोष्टी लगेच कळतील. कॉलम कशाने वेगळे केलेत (स्वल्पविराम, अर्धविराम की टॅब), आणि "नौपाडा, ठाणे" असा स्वल्पविराम असलेला पत्ता अवतरणचिन्हांत बंद आहे की नाही. अवतरणचिन्हं नसतील तर 'ठाणे' पुढच्या कॉलममध्ये घसरतो आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर उजवीकडे सरकतं. वयाच्या जागी गावाचं नाव दिसलं की समजा, हेच झालंय. गुगलकडून आलेल्या फाइलीत चिन्हं नीट असतात. एखाद्या जुन्या ऑफिस सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलीत मात्र हमखास घोळ असतो.

डबल-क्लिक केलं की ती फाइल एक्सेलमध्ये उघडते, आणि एक्सेलही स्वतःचे अंदाज लावतंच. लँडलाइनसाठी ०२२ लिहिलेलं असेल तर ते २२ होतं. जनगणनेतला उत्तर प्रदेशचा राज्य-कोड ०९, तो ९ होतो. बारा आकडी ओळख क्रमांक 'ई अधिक अकरा' अशा रूपात दिसू लागतो, आणि पंधरापेक्षा जास्त आकड्यांचा खाते क्रमांक असेल तर पंधराव्यानंतरचे आकडे शून्य होऊन कायमचे जातात. एक्सेल एका आकड्याचे पंधरा अंकच लक्षात ठेवतं. आणि मग सवयीने कंट्रोल-एस दाबलं जातं. हा रोग इतका जुना आहे की एक्सेल तारीख समजायचं म्हणून २०२० मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली.

एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर कोरी फाइल घ्या, वरच्या 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा. पुढच्या खिडकीत 'फाइल ओरिजिन'ला ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ द्या आणि 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडा. मग सगळं जसं आहे तसं, मजकूर म्हणून येतं. वय आणि मिनिटं यांचे आकडे तुम्ही स्वतः नंतर करून घ्या.

एक्सेलच्या जुन्या, म्हणजे नुसत्या 'एक्सएलएस' प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या 'एक्सएलएसएक्स'मध्ये १०,४८,५७६. तुमच्या २१२ ओळींना याची चिंता नाही. पण २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या जवळपास १६,००० रुग्णांची नोंद याच जुन्या प्रकारामुळे वेळेवर पुढे गेली नव्हती. जास्तीच्या ओळी नुसत्या गळून पडल्या.

साफसफाई: इथेच खरा वेळ जातो

पहिली ओळ आधी बघा. गुगल फॉर्म अख्खा प्रश्नच कॉलमचं नाव म्हणून देतो: "आपण रेल्वे स्टेशनपर्यंत सामान्यतः कोणत्या वाहनाने पोहोचता? (लागू असलेले सर्व निवडा)". हे असंच आत नेलं तर प्रत्येक तक्त्यावर हा परिच्छेद छापून येईल. एसपीएसएसमध्ये तर कॉलमच्या नावाला ६४ बाइटची मर्यादा आहे, आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हं. सरळ इंग्रजी अक्षरांत लहान नावं द्या: 'वय'साठी एज, 'ठिकाण'साठी प्लेस, 'मिनिटं'साठी मिन्स. मध्ये स्पेस नको, सुरुवात आकड्याने नको. मूळ प्रश्न कुठला होता ते दुसऱ्या शीटवर लिहून ठेवा. नंतर लेबल म्हणून तो लावता येतो.

शीटवर शोभेची शीर्षकं, मर्ज केलेले सेल, मध्ये सोडलेल्या कोऱ्या ओळी आणि तळाची 'एकूण'ची ओळ असेल तर सगळं काढा. पहिल्या ओळीत नावं, दुसऱ्या ओळीपासून माणसं, एक ओळ एक माणूस. रंगाने खूण केली असेल ("पिवळे म्हणजे महिला") तर तो रंग आत जात नाही. त्यासाठी वेगळा कॉलम करा.

मग वय. फॉर्ममध्ये रकाना मोकळा सोडला असेल तर तुम्हाला 35, ३५, "35 वर्षे", "पस्तीस", "35+" आणि एखादं "तिशीतली" असं सगळं मिळेल. २१२ मध्ये अशी नऊ उत्तरं तरी निघतातच. प्रत्येक उत्तर हाताने दुरुस्त करा, आणि "तिशीतली"चं वय अंदाजाने भरू नका. सेल कोरा सोडा. देवनागरी आकडे काही सॉफ्टवेअरांना कळतात, काहींना नाही. आर त्यांना मजकूर समजतं. त्यामुळे फाइंड-रिप्लेस करून ० ते ९ सगळे इंग्रजी आकडे करून घ्या. दहा वेळा करावं लागतं, दोन मिनिटांचं काम. रकमेच्या कॉलममधून 'रु.' आणि लाख-हजाराचे स्वल्पविरामही काढा. फॉर्म अजून पाठवला नसेल तर हा सगळा व्याप टळतो: प्रश्नाखालच्या 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन'मध्ये 'नंबर' निवडा आणि १८ ते ८० अशी मर्यादा घाला.

राहण्याचं ठिकाण हे सगळ्यात किचकट. कोपरखैरणे, कोपर खैरणे, कोपरखैराणे, इंग्रजीतली तीन स्पेलिंगं, आणि शेवटी चुकून स्पेस पडलेलं 'कोपरखैरणे', जे तुम्हाला दिसायला तंतोतंत सारखं दिसतं. सॉफ्टवेअरसाठी ही सात वेगळी गावं आहेत. काय-स्क्वेअरच्या तक्त्यात सात ओळी येतील आणि प्रत्येकीत दोन-दोन माणसं. एक्सेलमध्ये कॉलमला फिल्टर लावून बाण दाबा, खाली सगळ्या वेगवेगळ्या नोंदींची यादी दिसते. तिच्यावरून नजर फिरवत एकेक नाव एकसारखं करा. स्पेससाठी 'ट्रिम' फंक्शन आहे. 'नवी मुंबई' एवढंच लिहिणारेही भेटतील; ते ऐरोलीचे की नेरूळचे हे तुम्हाला कळायचं नाही, तेव्हा त्यांचा वेगळा गट ठेवा. स्टेशनांच्या यादीत दिघा गाव आहे का तेही बघा. ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, त्यामुळे जुन्या प्रश्नावलीवरून फॉर्म उचलला असेल तर त्यात ते नसतं आणि तिथली माणसं 'इतर'मध्ये जाऊन पडतात.

अनेक पर्यायांचा प्रश्न गुगल एकाच सेलमध्ये कोंबतो: "शेअर रिक्षा, एनएमएमटी, चालत". याचं असंच काही करता येत नाही. प्रत्येक पर्यायासाठी एक कॉलम हवा, त्यात निवडलं असेल तर 1, नसेल तर 0. हाताने भरायची गरज नाही. 'काउंटइफ' फंक्शनला तो सेल द्या, आणि शोधायचा शब्द दोन्ही बाजूंना चांदणी (*) लावून अवतरणचिन्हांत लिहा, की 1 किंवा 0 आपोआप येतं. फक्त शब्द निवडताना भान ठेवा. 'रिक्षा' शोधलंत तर 'शेअर रिक्षा'वालेही त्यात मोजले जातील. सूत्रं लावून झाली की तो भाग कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज' करा.

तारखा

पास काढल्याची तारीख कोणी 03/04/2025 अशी टाकली. आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकन सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरसाठी ४ मार्च. गंमत अशी की 25/04/2025 आली की ते सेटिंग गोंधळतं, कारण पंचविसावा महिना नाही, आणि तो सेल मजकूर म्हणून तसाच सोडतं. त्यामुळे काही तारखा उलट्या झालेल्या, काही मजकूर, असा कॉलम तयार होतो.

हे ओळखायची खूण डोळ्यांनी दिसते. एक्सेलमध्ये कॉलम मुद्दाम मध्यभागी किंवा एका बाजूला लावलेला नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, आणि डावीकडच्या सगळ्यांत दिवस १२ च्या पुढचा असला, तर उजवीकडच्याही उलट्या झाल्या आहेत असं समजा. त्या एकेक दुरुस्त करत बसू नका. मूळ फाइलीची नवी प्रत घ्या आणि वर सांगितलं तसं डेटा टॅबमधून मजकूर म्हणून आणा. गुगल शीटमध्ये असाल तर फाइल, सेटिंग्जमध्ये लोकेल 'इंडिया' आहे ना ते उत्तरं यायच्या आधीच बघून ठेवा.

तारखेच्या जागी 45292 सारखा आकडा आला तर घाबरू नका. एक्सेल आतून तारखा दिवस मोजूनच ठेवतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, त्या हिशोबाने 45292 म्हणजे १ जानेवारी २०२४. सेलचा फॉरमॅट 'डेट' केला की तारीख दिसते. सर्वांत बिनधोक लिहिण्याची पद्धत म्हणजे वर्ष, महिना, दिवस: 2025-04-03. आणि तुम्हाला तारीख नको, 'पास काढून किती दिवस झाले' एवढंच हवं असेल, तर ती वजाबाकी एक्सेलमध्येच उरका आणि नुसता आकडा आत न्या. जामोवीसाठी मी नेहमी असंच करायला सांगतो.

कोरं, शून्य आणि ९९९

उत्तर दिलंच नाही, प्रश्न लागू नव्हता, आणि उत्तर शून्य होतं, या तिन्ही वेगळ्या गोष्टी. कोऱ्या जागी शून्य भरू नका. हाताने फॉर्म भरून घेतलेल्या डेटात उत्तर नसेल तिथे 999 टाकायची जुनी पद्धत आहे. ती चालते, पण सॉफ्टवेअरला ते सांगावं लागतं. वयं 24, 31, 45, 28 आणि 999 असतील तर सरासरी 225.4 येते, 999 वगळलं की 32. पाच माणसांत हे लगेच डोळ्यांत भरतं. २१२ मध्ये एकच 999 असेल तर सरासरी साडेचार वर्षांनी फुगते आणि ती कोणाला खटकतही नाही.

मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली तर

दोन प्रकार असतात. मजकुराच्या जागी युरोपीय खुणांची जंत्री दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, सॉफ्टवेअर तो चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचतंय. आयात करताना यूटीएफ-८ निवडा, अक्षरं जागेवर येतात. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र एक्सेलमधून सेव्ह करताना साधी 'सीएसव्ही' निवडली गेली आणि अक्षरं फाइलीतूनच पुसली गेली. परत मूळ प्रतीकडे जा, आणि या वेळी यादीतून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

तिसरा प्रकार ऑफिसांतून आणलेल्या जुन्या फाइलींचा. श्रीलिपी, कृतीदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं आत गेली की अर्थहीन रोमन अक्षरं होतात, कारण ती खरोखर रोमन अक्षरंच असतात. फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो एवढंच. इथे एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. त्या त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांखालून घाला.

जामोवी

डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा, मग ओपन, धिस पीसी, ब्राउझ, फाइल निवडा. झालं. एक्सेलची फाइल देत असाल तर तिच्यात एकच शीट ठेवा आणि एक्सेलमध्ये ती उघडी असेल तर बंद करा.

आता प्रत्येक कॉलमच्या नावावर डबल-क्लिक करा. वर एक पट्टा उघडतो, त्यात 'मेझर टाइप' दिसेल. नावाशेजारच्या चिन्हावरूनही कळतं: पट्टी म्हणजे कंटिन्युअस (मोजलेले आकडे), चढते खांब म्हणजे ऑर्डिनल (क्रम असलेले गट), तीन गोल म्हणजे नॉमिनल (क्रम नसलेले गट). वय आणि मिनिटांना पट्टी हवी. तिथे तीन गोल दिसले तर कॉलममध्ये कुठेतरी मजकूर शिल्लक आहे. टाइप जबरदस्तीने बदलण्याआधी तो शोधा. समाधानाचा १ ते ५ चा कॉलम जामोवी सहसा नॉमिनल समजतं, कारण त्यात वेगवेगळे आकडे मोजकेच. तो ऑर्डिनल करा. शेजारच्या 'लेव्हल्स'च्या चौकटीत 1 च्या जागी 'अजिबात समाधानी नाही' असं लिहिता येतं आणि बाणांनी क्रमही बदलता येतो. फॉर्ममध्ये आकड्यांऐवजी शब्दच दिले असतील तर हा क्रम तपासणं सक्तीचं समजा. 'मिसिंग व्हॅल्यूज'मध्ये 999 इथेच सांगायचं.

सेव्ह केल्यावर ओएमव्ही फाइल बनते. तिच्यात डेटा, लेबलं आणि निकाल तिन्ही राहतात.

एसपीएसएस

फाइल, इम्पोर्ट डेटा, आणि मग एक्सेल किंवा सीएसव्ही. जुन्या आवृत्तीत फाइल, ओपन, डेटा असं जाऊन खाली फाइलचा प्रकार बदलावा लागतो. मराठी मजकूर असेल तर त्याआधी एडिट, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये युनिकोड निवडलेलं आहे ना बघा. आधीच एखादा डेटा उघडा असेल तर ते सेटिंग बदलता येत नाही.

एक्सेलची खिडकी उघडली की शीट निवडा आणि पहिल्या ओळीतून नावं घ्यायच्या चौकटीत खूण ठेवा. त्याखालची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत: 'परसेंटेज ऑफ व्हॅल्यूज दॅट डिटरमाइन डेटा टाइप', आणि तिथे ९५ लिहिलेलं असतं. याचा अर्थ असा: कॉलममधली ९५ टक्के उत्तरं आकडे असतील तर अख्खा कॉलम आकड्यांचा धरला जाईल, आणि उरलेल्या "पस्तीस", "35+" वगैरेंच्या जागी फक्त एक टिंब राहील. २१२ मधली नऊ उत्तरं म्हणजे सव्वाचार टक्के. सुरुवातीला म्हटलेली गायब वयं इथेच जातात, आणि कुठेही लाल अक्षर दिसत नाही. तो आकडा १०० करा. मग एकही वेडंवाकडं उत्तर असेल तर सगळा कॉलम 'स्ट्रिंग', म्हणजे मजकूर, येईल. सरासरी निघणार नाही, तुम्ही वैतागाल, पण चूक समोर दिसेल आणि परत एक्सेलमध्ये जाऊन ती दुरुस्त करता येईल.

'ओके' ऐवजी 'पेस्ट' दाबायची सवय लावा. तुम्ही जे जे निवडलं ते सिंटॅक्स (लेखी आज्ञा) म्हणून वेगळ्या खिडकीत लिहून येतं. तिथून ते रन करा आणि फाइल सेव्ह करा. उद्या आणखी वीस फॉर्म आले तर तीच सिंटॅक्स परत चालवायची.

मग खालच्या 'व्हेरिएबल व्ह्यू'वर या. 'लेबल'मध्ये मूळ प्रश्न, 'व्हॅल्यूज'मध्ये १ ते ५ चे अर्थ, 'मिसिंग'मध्ये 999 आणि 'मेझर'मध्ये स्केल (जामोवीतलं कंटिन्युअस), ऑर्डिनल, नॉमिनल यांतलं योग्य ते. हे भरताना कंटाळा येतो खरा, पण एसएव्ही (एसपीएसएसची स्वतःची फाइल) म्हणून सेव्ह केल्यावर ते फाइलीबरोबर कायम राहतं. सीएसव्ही करून मैत्रिणीला पाठवलंत तर ही सगळी माहिती मागे राहते. तिला एसएव्हीच पाठवा, जामोवीत आणि पीएसपीपीत ती थेट उघडते.

आर

आरस्टुडिओत (आर वापरणं सोपं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) उजवीकडच्या 'एन्व्हायर्नमेंट' खिडकीत 'इम्पोर्ट डेटासेट' आहे. 'फ्रॉम टेक्स्ट'चे दोन पर्याय दिसतील, त्यातला 'रीडआर' लिहिलेला घ्या. एक्सेल आणि एसपीएसएससाठीही तिथेच पर्याय आहेत. फाइल निवडल्यावर झलक दिसते आणि प्रत्येक कॉलमच्या नावाखालचा बाण दाबून त्याचा प्रकार तुम्हाला ठरवता येतो. उजव्या कोपऱ्यात खाली त्याचा कोड आपोआप तयार होतो. तो कॉपी करून स्क्रिप्टमध्ये ठेवा, मगच इम्पोर्ट दाबा. एवढ्यासाठी कोड पाठ करायची गरज नाही. आकड्यांच्या कॉलममध्ये काही वाचता आलं नसेल तर 'प्रॉब्लेम्स' हे फंक्शन कुठल्या ओळीत काय अडलं ते नेमकं सांगतं, आणि या एका गोष्टीत आर बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक आहे. फाइलचा पत्ता विंडोजमधून कॉपी करून चिकटवला तर त्यातल्या उलट्या तिरक्या रेघांवर आर अडतं. त्या सुलट्या करा.

आल्यावर काय बघायचं

ओळी २१२ च आहेत का? २१३ असतील तर 'एकूण'ची ओळ आत आली किंवा नावांची ओळ माणूस म्हणून मोजली गेली. पहिली, शेवटची आणि मधली कुठलीही एक ओळ मूळ फाइलीशी शब्दन् शब्द ताडून बघा. मधल्या ओळीत पत्त्याचा घोळ सापडतो, म्हणून ती वगळू नका.

मग प्रत्येक आकडी कॉलमचा किमान, कमाल आणि कोऱ्या उत्तरांची संख्या काढा. जामोवीत एक्सप्लोरेशन, डिस्क्रिप्टिव्ह्ज, एसपीएसएसमध्ये अ‍ॅनालाइज, डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, आरमध्ये 'समरी'. कमाल वय 350 असेल तर कोणाचं तरी शून्य जास्त पडलंय. प्रवासाची किमान मिनिटं 1 असतील तर त्या माणसाने बहुधा मिनिटांऐवजी तास लिहिला, आणि तसं असेल तर 2 लिहिणारेही असतील. मजकुराच्या कॉलमचा फ्रीक्वेन्सी तक्ता काढा. एकच गाव दोनदा दिसलं तर कुठेतरी स्पेस राहिलीय. सगळ्यात शेवटी मिनिटांची बेरीज एक्सेलमध्ये आणि इथे करून बघा. जुळली की काय-स्क्वेअरकडे वळा.

सरकारी तक्ते वापरणार असाल तर

स्वतःच्या सर्व्हेला जोड म्हणून बरेच जण जनगणनेचे आकडे घेतात. २०११ च्या प्राथमिक जनगणना गोषवाऱ्याची एक्सेल फाइल व्यवस्थित असते, पण तिच्यात एकाच भागाच्या एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा तीन ओळी असतात. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. तिन्ही ओळींची बेरीज घेतलीत तर २,२१,२०,२९६ येते, बरोबर दुप्पट. शिवाय तालुका, शहर, वॉर्ड यांच्याही ओळी त्याच तक्त्यात असू शकतात. आत नेण्याआधी फिल्टर लावून एकच पातळी आणि एकच प्रकार ठेवा. राज्य आणि जिल्ह्याचे कोड मजकूर म्हणूनच आणा.

२०११ च्या फाइलीतला ठाणे जिल्हा आजचा नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्यामुळे वसई, डहाणू, जव्हार हे सगळे तालुके त्या आकड्यात आहेत. नवी मुंबईचंही असंच काहीसं आहे: वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. दोन फाइली जिल्ह्याच्या नावावर जोडल्या तर सॉफ्टवेअर त्या बिनतक्रार जोडेल, कारण दोन्हीकडे 'ठाणे' लिहिलेलं आहे. जोडायच्या तर तालुक्याच्या पातळीवर जोडा, आणि २०११ च्या तक्त्यातले पालघरकडे गेलेले तालुके एका वेगळ्या कॉलममध्ये 1 लावून बाजूला काढा.